सात की साठ?

एसटी स्टँडवर उभं राहून फोनवर कुणाचा मोबाइल नंबर लिहून घेतला की पुष्कळदा एक गंमत होते. पलीकडचा माणूस जोड्या-जोड्यांनी नंबर सांगतो, आपण तो तळहातावर किंवा तिकिटाच्या पाठीवर उतरवतो, आणि मोजावं तर आकडे नऊच भरतात. कुठेतरी त्याने ‘साठ’ म्हटलेलं असतं आणि आपण ‘सात’ लिहिलेलं असतं. आवाज आलाच नाही असं झालेलं नसतं. कोण बोलतंय ते कळलं, घाईत बोलतोय की निवांत तेही कळलं. गेला तो फक्त एक ठ.

गोंगाटात ऐकू येत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण गोंगाटात नेमकं काय ऐकू येत नाही आणि काय येत राहतं, याला बरीच शिस्त आहे. कानापासून मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत आवाजाचा माग काढला तर ती दिसते. त्यासाठी ‘साठ’ हाच शब्द घेऊ, तो सोयीचा आहे.

सावकाश, सुटा उच्चारला तर या शब्दाला साधारण अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात तीन निरनिराळ्या जातींचे आवाज एकामागून एक येतात. आधी ‘स’, म्हणजे जीभ आणि दात यांच्यामधल्या फटीतून निसटलेल्या हवेची सळसळ. तिची बरीचशी शक्ती ४००० हर्ट्झच्या वर असते आणि मुळात ती फार नसतेच. मग ‘आ’. तोंड उघडं, स्वरतंतू कंप पावताहेत, आवाज मोकळा आणि दांडगा. पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा उघडमीट करतात, बाईचे दोनशेच्या आसपास. आवाजाची पट्टी म्हणून आपल्याला जाणवते ती हीच. आणि शेवटी ‘ठ’. ठ-ची सुरुवात खरं तर शांततेने होते. जिभेचं टोक मागे वळून टाळूला टेकतं, हवा अडते, काही शतांश सेकंद काहीच बाहेर पडत नाही. मग एक बारीकसा स्फोट आणि त्याच्यामागून हकारासारखा हवेचा झोत.

‘सात’मध्येही क्रम हाच. फक्त जीभ टाळूऐवजी दातांना टेकते आणि स्फोटामागचा झोत नसतो. जीभ मागे वळायला लागते ती मात्र ‘आ’ संपायच्या आधीच. त्यामुळे ‘साठ’मधल्या आ-च्या अखेरच्या काही शतांश सेकंदांत त्याची ठेवण बदलते. मुखपोकळी घुमल्याने आवाजात जे ठळक पट्टे तयार होतात त्यांना फॉर्मंट म्हणतात. त्यातला तिसरा पट्टा मूर्धन्य व्यंजनाच्या आधी खाली झुकतो, दंत्य ‘त’च्या आधी तसा झुकत नाही. म्हणजे सात आणि साठ यांच्यातला सगळा भेद दोन चिमुकल्या जागी साठवलेला आहे: स्वराची शेपटी आणि शेवटचा स्फोट. शिवाय रोजच्या बोलण्यात शब्दाच्या शेवटचा ‘ठ’ बऱ्याचदा ‘ट’सारखाच निघतो, तेव्हा झोताची खूणही गेली. दणकट स्वर आणि अगदी दुबळं व्यंजन यांच्या शक्तीत शेकडो पटींचा फरक असतो, हे लक्षात घेतलं तर गोंगाट आल्यावर आधी कुणाचा बळी जाणार ते सांगायला नको.

आता कान. बाहेरचा कान, पडदा आणि तीन हाडं पार करून आवाज कॉक्लिया नावाच्या अडीच वेटोळ्यांच्या नळीत शिरतो. ही नळी उलगडली तर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरेल. तिच्यात एक लांबलचक पापुद्रा आहे आणि त्याच्या प्रत्येक जागेची कंपसंख्या ठरलेली: बारीक, उंच आवाज तोंडाशी हलवतात; जाड, खर्जातले आवाज थेट आतल्या टोकाशी. हे कसं घडतं ते गेओर्ग फॉन बेकेशी याने मृत माणसांच्या कानांवर सूक्ष्मदर्शक लावून पाहिलं आणि त्याबद्दल त्याला १९६१चं नोबेल मिळालं. या पापुद्र्यावर रोमपेशींच्या रांगा आहेत. मेंदूला बातमी पोचवणाऱ्या आतल्या रांगेत साधारण साडेतीन हजार पेशी, आणि त्यांच्यापासून निघणारे श्रवणतंतू सुमारे तीस हजार. माणसाच्या सगळ्या भाषा आणि सगळं संगीत तेवढ्या तारांवरून आत जातं.

एसटीचं इंजिन सुरू आहे. त्याची घरघर खालच्या पट्टीतली, ‘स’ आणि ‘ठ’ वरच्या पट्टीतले. मग ती यांच्या आड का यावी? तर पापुद्र्यावर उठणारी लाट तोंडाकडून आत सरकत जाते. खर्जातल्या मोठ्या आवाजाची लाट आतल्या टोकाला पोचण्याआधी उंच आवाजांच्या जागाही हलवून जाते. उलट बारीक आवाजाची लाट तोंडापाशीच विरते. ती आत पोचतच नाही. म्हणून जनरेटर, कूलर, डिझेल इंजिन यांचा आवाज वाढला की तो वरच्या पट्टीतल्या व्यंजनांनाही झाकू लागतो. पंखा शिट्टी घालत नाही, नुसता घुमतो, तरी बोलणं पुसट होतं, त्यामागे हेही कारण आहे.

दुसरी अडचण तंतूंची. बरेचसे श्रवणतंतू इतके हळवे असतात की अगदी हलक्या आवाजालाही उत्तर देतात, पण आवाज थोडा वाढला की त्यांची कमाल गाठली जाते. गोंगाटात हे तंतू आधीच कमाल वेगाने स्पंदत असतात; ‘ठ’चा स्फोट आला काय आणि गेला काय, त्यांना आणखी काही सांगायला जागाच उरलेली नसते. थोडे तंतू मात्र स्वभावाने मंद आहेत. शांततेत ते जवळजवळ गप्प असतात आणि आवाज मोठा झाल्यावरच कामाला लागतात. गलक्यात ऐकायचं असेल तेव्हा भिस्त याच तंतूंवर असते. त्यांची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

मेंदूकडून कानाकडे उलट येणारे तंतूही आहेत. त्यांचा जुडगा रासमुसेन या शास्त्रज्ञाने १९४६मध्ये वर्णन केला. कॉक्लियाच्या बाहेरच्या रोमपेशी आवाज वाढवण्याचं काम करतात, आणि हे तंतू त्यांना आवरतात. सतत चालू असलेल्या घरघरीला कान थोडा कमी प्रतिसाद देऊ लागला की हळव्या तंतूंना दम घ्यायला मिळतो आणि अचानक उठलेला स्फोट पुन्हा नजरेत भरतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा परिणाम स्पष्ट दिसतो. माणसात त्याचा नेमका किती उपयोग होतो यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

इथून पुढे मेंदूचं खोड. आपल्याकडे बाळाला ऐकू येतं की नाही हे पाहायला ‘बेरा’ टेस्ट करतात, ती इथलीच. बाळ झोपलेलं, डोक्याला तीन-चार इलेक्ट्रोड चिकटवलेले, कानात टक-टक आवाज. एका टकटकीला मेंदूतून निघणारा विद्युतसंकेत इतका क्षीण असतो की स्नायूंच्या आणि मेंदूच्या इतर उलाढालींत तो दिसतच नाही. हजार-दोन हजार वेळा टकटक करून सरासरी काढली की बाकीचं एकमेकांत विरघळतं आणि उत्तर वर येतं. १९७१मध्ये ज्युएट आणि विलिस्टन यांनी हे उत्तर नीट मांडून दाखवलं. आवाज कानात गेल्यापासून दहा मिलिसेकंदांच्या आत लाटा उठतात, त्यातली सगळ्यांत भरवशाची पाचवी लाट साधारण साडेपाच-सहा मिलिसेकंदांवर.

टकटकीऐवजी ‘दा’सारखं अक्षर ऐकवलं तर मेंदूचं खोड त्या अक्षराची जवळजवळ नक्कल करतं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्राऊस यांच्या प्रयोगशाळेने या नकलेवर अनेक वर्षं काम केलं आहे. इलेक्ट्रोडवरून मिळालेली वक्ररेषा आणि मूळ आवाजाची वक्ररेषा शेजारी ठेवल्या तर व्यंजनाच्या स्फोटाला एक टोकदार उंचवटा दिसतो, मग स्वराच्या प्रत्येक कंपनाला एकेक लहान शिखर. स्वरतंतू सेकंदाला शंभर वेळा उघडत असतील तर शिखरंही तेवढ्याच अंतराने येतात.

आता याच अक्षरामागे गोंगाट लावायचा. त्यांच्या २००४च्या एका अभ्यासात जे दिसलं ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत बोलकं निरीक्षण वाटतं. स्वराच्या पट्टीची शिखरं बरीचशी टिकली. व्यंजनाच्या सुरुवातीचा टोकदार उंचवटा मात्र बसला. कित्येकांच्या आलेखात तो सापडेनाच. म्हणजे कानामागे जेमतेम काही मिलिसेकंदांवर, आपल्याला कशाचीही जाणीव व्हायच्या आधी, ‘कोण बोलतंय’ शाबूत राहतं आणि ‘काय बोलतंय’ ढासळू लागतं. लग्नाच्या हॉलमध्ये बँड सुरू असताना पाठीमागून आलेला मामाचा आवाज ओळखू येतो, पण मामा जेवायला बोलावतोय की गाडीची चावी मागतोय हे वळून पाहिल्याशिवाय समजत नाही.

स्वर टिकावा आणि व्यंजन जावं, याला नुसती शक्ती कारणीभूत नाही. हजारो तंतू एकाच क्षणी स्पंदले तरच डोक्यावर बसवलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत काही पोचतं. ढोल पथकातल्या साठ जणांची टिपरी एकदम पडली तर एकच टोल ऐकू येतो. प्रत्येकाची थोडी मागेपुढे झाली तर ढोल तेवढेच, जोर तेवढाच, पण टोल नाहीसा होऊन नुसता धबधबा उरतो. गोंगाट तंतूंच्या बाबतीत हेच करतो. स्वराला निदान पुन्हा पुन्हा तेच कंपन पाठवायची संधी मिळते, एक हुकलं तर दुसरं. स्फोट एकदाच होतो.

खोडातून वर, थॅलॅमस हा मधला टप्पा ओलांडून संदेश श्रवण-कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरच्या ऐकण्याच्या भागात, येतो. इथला वेळ वेगळ्या मापाचा. आवाजानंतर साधारण शंभर मिलिसेकंदांनी एक खोल लाट येते, तिला एन-वन म्हणतात. तिच्यानंतर दोनशेच्या सुमाराला पी-टू. शांत खोलीत या लाटा ठसठशीत असतात. गोंगाट वाढवत नेला तर त्या आधी उशिरा येऊ लागतात, आणि उंची कमी होते ती बहुधा त्यानंतर. म्हणजे ‘ऐकू आलं नाही’ या टप्प्याच्या बराच आधी ‘उशिरा ऐकू आलं’ हा टप्पा येऊन गेलेला असतो. माणूस शब्द बरोबर सांगतो, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवतो, आणि तरी त्याच्या मेंदूला तो शब्द मिळायला उशीर होत असतो. प्रश्न विचारल्यावर अर्धा क्षण थांबून उत्तर देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आपण उगाच मंद समजतो.

या लाटा आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो गोंगाटाच्या किती वर आहे यावर जास्त ठरतात. बोलणं साठ डेसिबल आणि मागचा गोंगाट पन्नास, किंवा बोलणं सत्तर आणि गोंगाट साठ; फरक दोन्हीकडे दहाच, आणि मेंदूचं उत्तरही बरंचसं सारखंच. कानाचं साधं मशीन लावलेली मंडळी ‘घरात ठीक आहे, पण कार्यक्रमात काढूनच ठेवतो’ असं का म्हणतात त्याचं हे उत्तर आहे. मशीनने बोलणं वाढवलं आणि वाढपी, भांडी, माइकवरचं निवेदन हेही वाढवलं. मधला फरक होता तेवढाच राहिला.

कॉर्टेक्सला दोन अक्षरांतला फरक कळला का, हेही विचारता येतं, तेही माणसाला न विचारता. त्याला आवाज बंद करून सिनेमा बघायला बसवायचं आणि कानात ‘बा, बा, बा, बा, दा, बा, बा’ असं सोडत राहायचं. लक्ष सिनेमात असलं तरी मेंदू ‘दा’पाशी दचकतो आणि एक जादा लाट उमटते. फिनलंडच्या रिस्तो नेतेनेन यांनी १९७८मध्ये हा प्रकार मांडला. गोंगाटात ही लाट खुजी होते, आणि फरक पुरता बुडाला की नाहीशी. फिनलंडच्याच, हेलसिंकीतल्या गटाने १९९८मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली: शांततेत अक्षराचा फरक टिपताना डावा गोलार्ध पुढे होता, गोंगाट लावला तेव्हा डाव्याचं उत्तर घटलं आणि उजव्याचं वाढलं. भाषा ऐकताना नेहमी ज्याच्यावर विसंबायचं त्याचं काम अडलं की मेंदू दुसऱ्या बाजूचे हातही लावतो, असा त्याचा एक अर्थ लावतात.

आता पुन्हा आपल्या साठकडे. गोंगाटात कुठली व्यंजनं एकमेकांत मिसळतात, याचा सगळ्यांत प्रसिद्ध तक्ता जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया नाइसली यांनी १९५५मध्ये केला. इंग्रजीतली सोळा व्यंजनं घेतली, गोंगाट पायरीपायरीने वाढवला, आणि ऐकणाऱ्यांनी कशाला काय समजलं याची नोंद ठेवली. चुका वाटेल तशा नव्हत्या. अघोष-सघोष हा भेद, म्हणजे प आणि ब यांच्यातला, गोंगाट बोलण्यापेक्षा बारा डेसिबलने मोठा असतानाही बराचसा टिकला. म, न यांचं अनुनासिक असणंही टिकलं. पण जीभ किंवा ओठ कुठे टेकले, म्हणजे प की त की क, हा भेद बोलणं गोंगाटाच्या सहा डेसिबल वर असलं तरी डळमळू लागला. दोन्हींच्या दमात अठरा डेसिबलची तफावत.

मराठी वाचकाला हे समजायला इंग्रजी तक्त्याची गरज नाही, बालवाडीतला मुळाक्षरांचा तक्ता पुरे. क ख ग घ ही आडवी ओळ, तिच्याखाली च, मग ट, त, प. आडव्या ओळीत सरकलं की घोष किंवा प्राण बदलतो, उभ्या रांगेत सरकलं की जिभेची जागा. गोंगाट उभ्या रांगा कालवतो. क-ट-त-प एकमेकांत जातात, ग-ड-द-ब एकमेकांत, न आणि म एकमेकांत. पण क-चा ग किंवा त-चा न सहसा होत नाही. गर्दीत ‘पाट’चा ‘ताट’ होईल, ‘काट’ होईल, ‘बाट’ व्हायची शक्यता कमी. अल्पप्राण-महाप्राणाची जोडी त्या इंग्रजी सोळांत नव्हतीच, म्हणून ख-घ-ठ-ढ यांच्याबद्दल या तक्त्यावरून काही सांगता येत नाही. आपल्या ‘साठ’ला मात्र नुसत्या जागेच्या भेदानेच मारलेलं आहे.

जोडीला फोन. जुन्या पद्धतीची टेलिफोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे नेते. ‘स’ची बहुतेक सळसळ त्याच्या वर. फोनवर ‘साठ’चा ‘आठ’ होतो तो असा.

सगळा गोंगाट सारखाच वाईट असतो का? नाही, आणि इथे प्रकरण थोडं वेडंवाकडं आहे. पंखा किंवा धबधबा यांचा आवाज सपाट असतो. तो सतत झाकतो. माणसांचं बोलणं झाकताना मध्ये फटी सोडतं: श्वास, विराम, मंद व्यंजनं. चांगला कान त्या फटींतून समोरच्याचे तुकडे उचलतो. त्या हिशेबाने शेजारी एकच माणूस बोलत असेल तर तो पंख्यापेक्षा कमी त्रासदायक ठरायला हवा, आणि कानापुरता तो ठरतोही. पण त्याचे शब्दही अर्थाचे असतात, आणि मेंदू त्यांच्यामागे जातो. कानापाशी सगळं पोचलेलं असून वर जाऊन घोळ होतो. आपल्याच भाषेतली कुजबुज परभाषेतल्या कुजबुजीपेक्षा जास्त आड येते, असं प्रयोगांत दिसलं आहे. पुणे-मुंबई गाडीत शेजारच्या सीटवरचं तमिळ संभाषण चालू असताना पुस्तक वाचून होतं. मराठी भांडण चालू असेल तर पान उलटत नाही. आणि बोलणारे वाढत गेले, की फटी बुजतात आणि शब्दही वेगळे राहत नाहीत. उरतो तो मंडईचा कलकलाट.

इतकं सगळं विरोधात असताना आपण मंडईत भाजी घेतोच. मेंदू नुसता मार खात बसत नाही. त्याच्याकडे दोन कान आहेत. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला जास्तीत जास्त सेकंदाच्या सात-दहाहजारांश इतक्या उशिरा पोचतो, आणि खोडातल्या काही पेशी नेमका तेवढाच फरक मोजतात. बोलणारा एका दिशेला आणि गलका दुसऱ्या दिशेला असला की या मोजणीतून दोघांना सुटं करता येतं. एका कानाने कमी ऐकणाऱ्या माणसाला शांत खोलीत फार अडचण येत नाही, पंगतीत येते.

दुसरं हत्यार म्हणजे लक्ष. अनेक जण एकाच वेळी बोलत असताना आपण एकाचंच कसं ऐकतो, हा प्रश्न कॉलिन चेरी यांनी १९५३मध्ये प्रयोगात आणला. २०१२मध्ये मेस्गरानी आणि चँग यांनी मिरगीच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूवर थेट इलेक्ट्रोड ठेवले होते अशा रुग्णांना दोन माणसांचं बोलणं एकत्र ऐकवलं. कॉर्टेक्समधल्या नोंदींवरून आवाज पुन्हा उभा केला, तर रुग्णाने ज्याच्याकडे लक्ष दिलं होतं त्याचंच बोलणं त्यातून वर आलं. कानात दोघंही शिरले होते. कान दोघांचं ऐकतो, कॉर्टेक्स एकाचं.

तिसरं, अंदाज. रिचर्ड वॉरन यांनी १९७०मध्ये ध्वनिमुद्रित वाक्यातलं एक अक्षर कापून टाकलं आणि तिथे खोकल्याचा आवाज चिकटवला. ऐकणाऱ्यांना वाक्य अखंड ऐकू आलं, आणि खोकला नेमका कुठे होता हे त्यांना सांगता येईना. मेंदूने नसलेलं अक्षर भरून घेतलं होतं. ‘साठ-सत्तर रुपये किलो’ असं भाजीवाली म्हणाली तर ठ कानावर पडो न पडो, आपल्याला साठच ऐकू येतं. मोबाइल नंबरात ही सोय नाही, तिथे कुठल्याही आकड्यानंतर कुठलाही येऊ शकतो. बिनतारी यंत्रावर बोलणारे पोलीस आणि वैमानिक एकेक आकडा सुटा उच्चारतात आणि पलीकडच्याकडून तो पुन्हा म्हणवून घेतात, ते यासाठीच.

अंदाज फुकट मिळत नाही. पॅट्रिक रॅबिट यांनी १९६८मध्ये लोकांना आकड्यांची यादी ऐकवली. पहिला अर्धा भाग सगळ्यांना स्वच्छ. दुसरा अर्धा काहींना स्वच्छ, काहींना गोंगाटासकट. आकडे ओळखता येतील इतपतच गोंगाट होता. तरी ज्यांना दुसरा भाग गोंगाटात ऐकावा लागला त्यांना पहिला, स्वच्छ ऐकलेला भागही कमी आठवला. ऐकण्यातच इतकं भांडवल खर्च झालं की जपून ठेवायला पुरलं नाही. शाळेच्या संदर्भात या प्रयोगाचा जितका विचार व्हायला हवा तितका होत नाही. मुलगा बाईंचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवतो, म्हणून त्याला ऐकू आलं असं आपण धरतो. तास संपल्यावर त्याच्याकडे त्यातलं किती उरलं, हे वेगळं.

मुलांचं तर मुळातच अवघड. भाषा कमी ऐकलेली, त्यामुळे अंदाजाची शिदोरी लहान. आणि गोंगाटातून बोलणं वेगळं काढणारी यंत्रणा पौगंडावस्थेपर्यंत तयार होत राहते. चँग आणि मर्झेनिक यांनी २००३मध्ये उंदरांची पिल्लं सततच्या मध्यम गोंगाटात वाढवली, तर त्यांच्या श्रवण-कॉर्टेक्सची घडण लांबणीवर पडली. माणसांतलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. मॅनहॅटनमधल्या पीएस ९८ या शाळेच्या एका बाजूने उन्नत रेल्वे जाते. साडेचार मिनिटांना एक गाडी, अर्ध्या मिनिटाचा खडखडाट. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५मध्ये दाखवलं की रुळांच्या बाजूच्या वर्गातली मुलं वाचनात दुसऱ्या बाजूच्या मुलांच्या मागे आहेत, आणि सहावीपर्यंत हे अंतर वर्षभराच्या आसपास जातं. मग रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं केली. १९८१मध्ये पुन्हा मोजलं, तेव्हा दोन बाजूंमधला फरक उरला नव्हता. शिक्षक, पुस्तकं, वस्ती तीच. बदलला तो आवाज.

आपल्याकडे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळा, रुग्णालयं आणि न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र ठरवलं आणि तिथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटना शिकवणं चालू असताना वर्गात ३५ मागते. शिक्षकाचा आवाज एक मीटरवर ६५ धरला, तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल उतरतात. आठ मीटरवरच्या शेवटच्या बाकाशी ४७ उरतात. खोलीत भिंतींवरून थोडं परत मिळतं, पण तो प्रतिध्वनी व्यंजनांच्या मधल्या शांततेवरच सांडतो. मुलांना बोलणं गोंगाटाच्या पंधरा डेसिबल तरी वर हवं असतं. रस्त्याकडेच्या शाळेत हा हिशेब जुळत नाही, आणि ५०ची मर्यादा तंतोतंत पाळली गेली तरी मागच्या बाकावर तो जुळणार नाही.

आता ते मंद स्वभावाचे तंतू. कुजावा आणि लिबरमन यांनी २००९मध्ये उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, चाचणीत कान ठणठणीत. पण कानाच्या काही भागांत रोमपेशी आणि तंतू यांच्यातले निम्म्यापर्यंत सांधे कायमचे तुटले होते. पुढच्या अभ्यासांत दिसलं की मोठ्या आवाजाला जागे होणारे तंतूच यात जास्त बळी पडतात. माणसांत हे किती प्रमाणात घडतं यावर वाद चालू आहे. पण ज्याचा ऑडिओग्राम नॉर्मल येतो आणि जो तरीही हॉटेलात बायकोचं बोलणं ऐकू येत नाही म्हणतो, अशा माणसाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून परत पाठवणं चुकीचं आहे, एवढं सांगायला तो वाद मिटायची वाट पाहायला नको. नेहमीची चाचणी बंद, शांत खोलीत शुद्ध सुरांवर होते. तक्रार गोंगाटाची असेल तर तसं ऑडिओलॉजिस्टला स्पष्ट सांगा आणि गोंगाटातलं बोलणं ऐकण्याची चाचणी होते का ते विचारा.

घरी करण्यासारखं आहे ते सोपं आहे. ओरडू नका. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं तेवढी वाढत नाहीत, आणि कमी पडत होती ती व्यंजनंच. आजोबांना ‘ऐकू येत नाही का?’ असं स्वयंपाकघरातून विचारण्याऐवजी नळ आणि टीव्ही बंद करा, समोर येऊन बसा म्हणजे ओठ दिसतील, आणि तेच वाक्य नेहमीच्या आवाजात, थोडं सावकाश, शब्दांचे शेवट न गिळता बोला.